सहा काजांची पट्टी

रविवारी शिवणाचं दुकान बंद असे, पण कापायचं टेबल कधी बंद नसे. या घरातली लग्नं त्या टेबलाभोवती ठरली, भांडणं त्याच्यावर हात आपटून झाली, आणि मोठीआई गेली त्या संध्याकाळीही सगळे एकमेकांना न सांगता त्याच्याभोवतीच येऊन बसले होते. त्याला आता अकरा महिने झाले. आज पुन्हा सगळे जमले होते, पण आजचं कारण आनंदाचं होतं. ज्या शिवणशाळेत मोठीआईने वीस वर्षं मुलींना शिकवलं, तिथल्या नव्या वर्गाला बुधवारी तिचं नाव द्यायचं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका पडणार होती. पुस्तिका लिहिली होती तिच्या थोरल्या मुलाने, दादांनी, कारण छापखाना दादांचा. छापखाना चालवणाऱ्याला लिहिता येतंच, असं त्यांचं मत होतं. बाकीच्यांचं मत वेगळं होतं, पण बाकीच्यांकडे छापखाना नव्हता.

"चार वाजता यंत्र सुरू करायचंय," दादांनी बजावलं. "माणूस थांबलाय तिथे. ज्याला जे म्हणायचंय ते चारच्या आत म्हणा. नंतर कुरकुर ऐकणार नाही."

धाकटी खिडकीजवळ बसली होती. ती त्रेपन्न वर्षांची होती, शिवणशाळेत आता मोठीआईच्या जागी तीच शिकवत होती, तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या मुली आता काजं घालत होत्या. पण या घरात धाकट्या मुलाची बायको म्हणून ती जी धाकटी झाली ती धाकटीच राहिली. तिच्या शेजारी भिंगरी बसली होती. भिंगरी म्हणजे मोठ्या नणंदेची, अक्कांची नात, वय वर्षं नऊ. ती आजच्या दिवसात एक तरी काज शिकून जायचं म्हणून आली होती. धाकटीने तिला पांढऱ्या कापडाची एक पट्टी दिली होती, पट्टीवर खडूने सहा रेघा मारून दिल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेवर कापडाला चीर देऊन तिच्या कडा दोऱ्याने गच्च कशा बांधायच्या ते दाखवलं होतं. बटण ज्या भोकातून जातं ते भोक तर कुणालाही पाडता येतं. ते उसवू न देणं म्हणजे काज.

"घाई करू नकोस," धाकटी म्हणाली. "टाका टाक्याला चिकटला पाहिजे, पण त्याच्या डोक्यावर बसता कामा नये."

टेबलाच्या मधोमध मोठीआईचं पितळी अंगुस्तान उपडं ठेवलं होतं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटावर घालतात ती टोपी. पण या घरात त्या टोपीला दुसरंही एक काम होतं. कोणी गोष्ट सांगताना जरा फुगवली, की मोठीआई मान वर न करता बोटातलं अंगुस्तान टेबलावर आपटायची. टक. त्यावर वाद घालायचा नाही, रुसायचं नाही. सांगणाऱ्याने गोष्ट जिथपर्यंत खरी होती तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथून पुन्हा सांगायची. याला ती उसवणं म्हणायची. "उसव आणि परत घाल," ती म्हणायची. "कापड काही फाटत नाही." घरातल्या पोरांना शाळेतून उशिरा येण्याची कारणं तीन-तीनदा उसवावी लागली होती. कोटाचं माप द्यायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही तिने एकदा दोन वेळा टक केलं होतं, आणि आपलं काय चुकलं हे न कळताही तो बिचारा दोन्ही वेळा मागे गेला होता.

याची दुसरी बाजू अशी, की जी गोष्ट मोठीआईसमोर सांगितली गेली आणि जिला टक झाली नाही, ती घरात खरी म्हणून कायमची नोंदली जायची.

अकरा महिन्यांत टक करणारं कोणी उरलं नव्हतं, आणि घरातल्या गोष्टी अंगाने चांगल्या भरल्या होत्या. सकाळपासून ते दिसतच होतं. धाकटीचा नवरा छोटू, वय छप्पन्न, शहर बसचा चालक, त्याने चहाचा पहिला घोट घेतला आणि आईने बँडवाल्यांचे अकरा कोट एका दिवसात एकटीने कसे शिवले ते सांगितलं. मोठीआई असताना हे कोट पाच होते आणि मदतीला तीन बायका होत्या. अक्का या सगळ्यांत मोठ्या, निवृत्त नर्स. त्यांनी आईने मोठी कात्री उगारून चोर कसा पकडला ते सांगितलं. चोर खरं तर मागच्या दाराने आलेला मीटर वाचणारा होता. त्याला मोठीआईने बसवून चहा पाजला होता आणि त्याचा फाटका खिसाही शिवून दिला होता. आज त्याच्या हातात सुरा आला होता.

दोन्ही गोष्टी संपल्यावर सांगणारा आणि ऐकणारे, सगळ्यांचीच नजर क्षणभर अंगुस्तानाकडे गेली. मग सगळे दुसरीकडे पाहू लागले.

"मामीआजी," भिंगरीने हळूच विचारलं, "आता गोष्ट वाकडी झाली तर टक कोण करणार?"

धाकटीने तिचा दोरा सरळ करून दिला. तिच्या मनात सकाळपासून हाच एक प्रश्न होता, आणि तो पुस्तिकेच्या सहाव्या पानाबद्दल होता.

दादांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर आईचं बालपण होतं, त्यात फारसं कोणी बोललं नाही, कारण ते कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या पानावर "तिच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही" असं वाक्य आलं आणि छोटूला चहाचा ठसका लागला. अक्कांनी त्याच्या पाठीवर चापट मारत दादांना विचारलं की ही बाई कोण. दादा म्हणाले, छापील मजकुराची एक प्रतिष्ठा असते. अक्का म्हणाल्या, असू दे, पण आईचीही होती. त्यावर बरीच ओढाताण झाली. अक्कांना आणि छोटूला आई जशी होती तशी हवी होती, म्हणजे कात्री, चोर आणि अकरा कोटांसकट. दादांना ती चौकटीत बसणारी हवी होती. एरवी अशा वेळी दादांची बायको, म्हणजे थोरल्या वहिनी, नवऱ्याच्या बाजूने बोलायला तयारच असायच्या. दुकानाचा काउंटर त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळला होता, कसलं गिऱ्हाईक कसं वळवायचं हे त्यांच्याकडून शिकावं. पण आज त्या कपबशा गोळा करत गप्प होत्या. कठोर शब्दाचं वाक्य आलं तेव्हा तर त्यांनी दादांकडे असं पाहिलं की दादांनी ते स्वतःच खोडलं.

"बरं," दादा म्हणाले, "आता सहावं पान मात्र एका अक्षराने बदलणार नाही. हे पान म्हणजे पुस्तिकेचा प्राण आहे. धाकटे, तुझं पान."

"दादा," धाकटी म्हणाली, "ते पान गाळलं तर नाही का चालणार?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दादांना तर कोणी दात उपटायला सांगितल्यासारखं वाटलं. एवढा विनय बरा नव्हे, असं त्यांनी तिला समजावलं. अक्काही या वेळी दादांकडे गेल्या, म्हणाल्या की तीच एक गोष्ट या घरात कधी वाढली नाही की कमी झाली नाही, तिला हात लावायचा नाही. छोटू काहीतरी बोलणार होता, पण त्याला कोणी जागा दिली नाही.

"घेऊ द्या की तिला लाजून," कपबशांचा ढीग उचलत वहिनी म्हणाल्या. "तिचं काय बाई. तिला पट्टी बघून निवडलं. आम्ही आपल्या ओळखीतून आलेल्या."

हे वाक्य धाकटीने इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यात टोमणा किती आणि गंमत किती हे तिला कधीच नीट मोजता आलं नव्हतं. ती नेहमीप्रमाणे हसली आणि भिंगरीच्या पट्टीवर वाकली.

घरात खरी मानली गेलेली गोष्ट अशी होती. बत्तीस वर्षांपूर्वी एक एकवीस वर्षांची मुलगी काम मागायला दुकानात आली. नमुना म्हणून तिने सहा काजं घातलेली एक पट्टी आणली होती. मोठीआईने त्या पट्टीवर एक नजर टाकली, भर दुपारी दुकान बंद केलं, मुलीबरोबर तिच्या घरी गेली आणि तिथल्या तिथे आपल्या धाकट्यासाठी तिला मागणी घातली. दादांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती धाकटीच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर. ती त्यांनी इकडून तिकडून ऐकून जुळवली होती. टाळ्या पडल्या. धाकटीने घाबरून सासूकडे पाहिलं. मोठीआईच्या बोटात त्या दिवशीही अंगुस्तान होतं, कारण नवरीचं बाही उसवलेलं पोलकं तिने नुकतंच टाचलं होतं. सगळे टक ऐकायला थांबले होते. टक झाली नाही.

खरं काय घडलं ते जिवंत माणसांपैकी फक्त धाकटीला माहीत होतं. निदान ती तसं समजत होती.

त्या दिवशी तिने पट्टी या टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं म्हणून मोठीआई वळली. परत आली तेव्हा तिने टेबलावरून पट्टी उचलली, हात लांब करून डोळ्यांसमोर धरली आणि तोंडाचा पट्टा सोडला. ही काजं आहेत की उंदराने कुरतडलेलं फडकं आहे? असल्या हातांनी सुई धरायची हिंमत कशी होते? बाई गं, तू भाजी विक, कपडे शिवू नकोस. धाकटीला दिसत होतं की मोठीआईच्या हातातली पट्टी आपली नाही. आपली तिथेच, कापडाच्या ताग्याखाली अर्धी सरकली आहे. पण एकवीस वर्षांची मुलगी, समोर मोठीआई. शब्द फुटला नाही. ती तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीआई तिच्या दारात उभी होती. हातात धाकटीची पट्टी होती. "काल मी चुकीची पट्टी बघितली," ती म्हणाली. "तुझी ही. कामाला ये." मग जरा थांबून म्हणाली, "चूक सांगायची तर पूर्ण सांगते. ती दुसरी पट्टी माझ्या थोरल्या सुनेची होती. येऊन चार महिने झालेत. मला चकित करायचं म्हणून लपूनछपून शिकत होती. तिच्या कानावर हे कधी जाता कामा नये. शब्द दे."

धाकटीने शब्द दिला होता. म्हणूनच लग्नात टक झाली नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. टक झाली असती तर गोष्ट उसवावी लागली असती, आणि या घरात अर्धवट उसवायची पद्धत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी सरळ करणाऱ्या बाईने ही एक वाकडी गोष्ट शेवटपर्यंत तशीच राहू दिली. एका माणसाचं मन राखायचं म्हणून.

इतकी वर्षं धाकटीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात शिवणशाळेतल्या एका मुलीने सुई ठेवून दिली. मोठ्या मुलींनी तिला ही गोष्ट सांगितली होती. "त्यांना एका नजरेत कळायचं ना कुणाचे हात चांगले ते?" मुलगी म्हणाली. "माझी पट्टी बघून त्या काय म्हणाल्या असत्या ते मला कळतंय." आणि ती यायची बंद झाली. धाकटी तिला आणायला दोनदा तिच्या घरी जाऊन आली, पण काय सांगणार? मोठीआईची नजर चुकली होती, हे सांगायला तिला बंदी होती. आणि आता तीच गोष्ट चारशे प्रतींत छापून शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या हातात पडणार होती. बोलावं तर वहिनींचं सगळ्यांसमोर हसं, आणि दिलेला शब्द मोडला. गप्प राहावं तर दर वर्षी एखादी मुलगी अशीच सुई ठेवणार. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"मामीआजी, माझं झालं एक," भिंगरी म्हणाली.

धाकटीने पट्टी हातात घेतली. काज तिरकं गेलं होतं, एका टोकाला दोरा गोळा झाला होता, दुसऱ्या टोकाला कापडाचे तंतू बाहेर डोकावत होते. "पहिलं असंच येतं," ती म्हणाली. "उसव. तुला कुठे बिघडलं ते दिसतंय का बघ आधी." आणि असं म्हणताना तिचा हात आपोआप टेबलाच्या मधोमध गेला, अंगुस्तानाच्या अगदी जवळ, आणि तिथेच थांबला.

वहिनी स्वयंपाकघरातून पडदा सारून बाहेर आल्या, हात पुसत नेहमीच्या जागी न बसता टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. दादांनी घसा साफ केला.

"मोठीआईची नजर," त्यांनी वाचलं, "म्हणजे रत्नपारख्याची नजर. एके दिवशी एक तरुणी दारी आली. तिच्या हातातल्या पट्टीकडे मोठीआईने केवळ एक दृष्टिक्षेप टाकला, आणि..."

टक.

आवाज इतका ओळखीचा होता की दादा सवयीने थांबले आणि मागे जायला त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांच्या लक्षात आलं. छोटू खुर्चीतून अर्धा उठला. धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. तो होता तिथेच होता, रिकामा.

अंगुस्तान वहिनींच्या बोटात होतं.

बत्तीस वर्षांत त्यांना कोणी ते घालताना पाहिलं नव्हतं. सुईला त्या हात लावत नसत. हलकं काम म्हणून लावत नाहीत, असंच सगळ्यांना वाटायचं.

"अगं," दादा म्हणाले, "हे पान... याला आईनेसुद्धा कधी..."

"म्हणूनच मी करतेय," वहिनी म्हणाल्या. "उसवा. तरुणी दारी आली, तिथपर्यंत बरोबर आहे. पुढे लिहा, की सासूबाईंनी पट्टी उचलली ती दुसरीच. उंदराने कुरतडलेली. ती माझी होती."

खिडकीबाहेर बसथांब्यावर एक बस थांबून निघून गेली, आणि छोटूने पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

"वहिनी, तुम्हाला कसं..." धाकटीने सुरुवात केली.

"मी तिथे होते," वहिनींनी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यामागे. चहाचा ट्रे हातात घेऊन. माझी पट्टी मीच गुपचूप टेबलावर ठेवून आले होते. म्हटलं, आता सासूबाई पट्टी बघतील, विचारतील कुणाची, मग मी बाहेर येईन. तर पुढचं ऐकलं. भाजी विक, ते वाक्य तर मी अजून झोपेत ऐकते." त्यांनी ते मोठीआईच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि ते इतकं हुबेहूब जमलं की अक्कांना हसू आवरेना, आणि हसू येतंय म्हणून त्या शरमल्याही.

"म्हणून तू कधी सुई..." दादा म्हणाले. त्यांच्या हातातला कागद खाली आला होता.

"दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काउंटर दिला. मला वाटलं, शिक्षा आहे. पंधरा दिवसांत कळलं, मला तेच येतं." वहिनी खुर्ची ओढून बसल्या, धाकटीच्या समोर. "तुझ्यावर मात्र मी फार चिडले, धाकटे. आधी वाटलं, ही आता घरभर सांगणार. तू काही सांगेनास. मग वाटलं, हिला माहीतच नसेल. म्हणून मुद्दाम म्हणत राहिले, तिचं काय बाई, तिला पट्टी बघून निवडलं. म्हटलं, एकदा तरी चिडून बोलेल. तू आपली हसायचीस. शेवटी वाटलं, हिला माहीत आहे आणि ही माझ्यावर दया करते. त्याचा तर जास्तच राग आला."

"दया नाही हो," धाकटी म्हणाली. "मी सासूबाईंना शब्द दिला होता. तुमच्या कानावर जाऊ देणार नाही म्हणून."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "माझ्या कानावर?"

"हो."

"म्हणजे त्यांना वाटत होतं की मी ऐकलं नाही."

"त्या जाईपर्यंत."

वहिनींचा चेहरा आधी रडवेला झाला, मग तो कुठेतरी मध्येच वळला, आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एक बाई पडद्यामागे गप्प, एक पडद्यापुढे गप्प, आणि या दोघींच्या मध्ये बसलेली तिसरी टक करायची थांबलेली, आणि तिघी एकाच घरात, एकाच टेबलावर, इतकी वर्षं. धाकटीलाही हसू फुटलं. अक्का तर टेबलाला धरून बसल्या. भिंगरीला नीट कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हटल्यावर तीही हसली.

"पण चुकीची पट्टी उचललीच कशी?" दादांनी विचारलं. छपाईच्या चुका शोधायची त्यांना सवय होती, चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय चैन पडत नसे.

"चष्मा," अक्का आणि छोटू एकदम म्हणाले.

मोठीआईला चष्मा होता. तो कायम मशीनच्या खणात असायचा, डबीत, जसा आणला तसा. चष्मा लावला की माणूस म्हातारं होतं, असं तिचं म्हणणं होतं. अक्कांनी एकदा तो तिच्या नाकावर जबरदस्तीने बसवला होता, तेव्हा तिने आरशात बघून विचारलं होतं, ही कोण म्हातारी आणली?

"आणि मागणी?" दादांनी लेखणी उघडली. "ती तरी त्याच दिवशी घातली ना?"

"दोन वर्षांनी," धाकटी म्हणाली.

"आणि ती आईने घातली नाही," छोटू म्हणाला. सकाळपासून जे बोलायला त्याला जागा मिळत नव्हती ते हेच होतं. "ही रोज समोरच्या थांब्यावर उभी असायची. पाच वाजून दहाची बस माझी. हिला उशीर झाला की मी बस थांबवायचो. लोक शिव्या द्यायचे. दोन वर्षं शिव्या खाल्ल्या मी, आणि श्रेय गेलं पट्टीला. मला आजपर्यंत कोणी विचारलंच नाही."

"तू बोलला नाहीस कधी," अक्का म्हणाल्या.

"आई टक करत नव्हती. मला वाटलं, तिने खरंच मनात आधी ठरवलं असेल."

दादांनी सहावं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. आता प्रत्येक जण सांगत होता आणि वहिनी अंगुस्तान घेऊन बसल्या होत्या. "मोठीआईची नजर अचूक होती" याला टक झाली. "मोठीआईची नजर बहुधा अचूक असे" यालाही झाली. दादांना घाम फुटला. बँडवाल्यांचे कोट पुन्हा पाच झाले आणि तीन बायकांना त्यांची जागा परत मिळाली. चोराच्या हातातला सुरा गेला, मग चोरही गेला, आणि खिसा शिवून घेणारा मीटरवाला परत आला. तोच सगळ्यांना जास्त आवडला. साडेतीनला दादांनी पुसलेलं, खोडलेलं, बाणांनी भरलेलं पान वर धरलं आणि वाचलं.

"मोठीआईला जवळचं दिसत नसे. चष्मा होता, तो ती लावत नसे. एकदा तिने भलतीच पट्टी बघून एका चांगल्या मुलीला घालवून दिलं, आणि ते ऐकून दुसऱ्या एका मुलीने सुई ठेवून दिली. पहिल्या मुलीची तिने दुसऱ्या दिवशी दारात जाऊन माफी मागितली. दुसरीची मागायची राहून गेली. ती ही पुस्तिका मागते आहे."

दादा थांबले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वहिनींचं बोट टेबलापासून दोन इंच वर होतं. ते तसंच राहिलं, आणि मग सावकाश मांडीवर आलं.

"लावा यंत्र," त्या म्हणाल्या.

दादा कागद खिशात घालून जवळजवळ पळतच निघाले. छोटू त्यांना सोडायला गेला. अक्का स्वयंपाकघरात चहा टाकायला उठल्या आणि जाता जाता त्यांनी तो जुना पडदा एका बाजूला सारून खिळ्याला अडकवून ठेवला.

धाकटी खडू शोधत होती. बुधवारी ती शिवणशाळा सोडलेल्या त्या मुलीला पहिली प्रत स्वतः नेऊन देणार होती, सहावं पान दुमडून. भिंगरीचं दुसरं काज पहिल्याहून बरं आलं होतं. तिने ते सगळ्यांना दाखवून घेतलं आणि पाणी प्यायला गेली. तिची खुर्ची रिकामी झाली तशी वहिनी तिथे येऊन बसल्या.

"एक पट्टी दे," त्या म्हणाल्या. इकडे तिकडे न बघता म्हणाल्या, जणू मीठ मागत होत्या.

धाकटीने पट्टी दिली. रेघा मारून द्यायला गेली तर वहिनींनी खडू स्वतःच घेतला. अंगुस्तान त्यांच्या बोटात होतंच, ते काढायची त्यांनी घाई केली नाही. पाऊण तास त्या एका काजावर वाकून बसल्या. सुई दोनदा टोचली, एकदा दोरा तुटला. बाहेरचं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. मग त्यांनी पट्टी पुढे केली आणि हाताची घडी घालून बसल्या.

धाकटीने आधी चष्मा लावला. पट्टी उजेडाला धरली, पालथी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. टाके एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. मधली चीर वाकडी होती. एक कड तर पूर्ण सुटली होती.

"उसवा, वहिनी," ती म्हणाली.

वहिनींनी पट्टी परत घेतली. छोटी कात्री उचलली आणि पहिला टाका कापला. दोरा सुळकन निघाला. कापड होतं तसंच होतं. त्यांनी ते बोटांनी सारखं केलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या, आणि सुईत नवा दोरा ओवायला घेतला.